कासार गल्लीतला पांढरा उजेड

खांबावरून उतरवलेला दिवा टेबलावर उताणा पडला होता, मेलेल्या खेकड्यासारखा. शलाका होनरावनं त्याला वायर जोडली आणि उठून खिडकीचे पडदे ओढून घेतले.

"लावू?"

"लावा की," डॉक्टर मुजावर म्हणाले. "त्याच्यासाठीच तर पेशंट सोडून आलोय."

दिवा लागला. पांढरा नाही, जांभळा. तोही फळासारखा छान जांभळा नाही. पाटीवर शाई सांडावी आणि कुणीतरी ओल्या फडक्यानं अर्धवट पुसावी, तसला.

ही जागा म्हणजे वळवंडी नगरपालिकेची दिवा-चाचणी प्रयोगशाळा. खरं तर जुन्या पाणीपुरवठा ऑफिसची मागची खोली. पण शलाकानं साहेबांच्या मागे लागून लागून तिथे वर्णपटमापक आणून बसवला होता. उजेडाचे रंग सुटे करून दाखवणारं ते यंत्र आलं तेव्हापासून ती या खोलीला प्रयोगशाळा म्हणायची, आणि कुणी खोली म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. गावातले सगळे जुने पिवळे दिवे काढून एलईडी बसवायचं काम तिचंच. बिल निम्म्याच्या खाली आलं तेव्हा पेपरात फोटो आला होता. फोटोत साहेब होते. शलाकाचा कोपर होता.

"आता मला सांगा," डॉक्टर म्हणाले. "पांढरा दिवा घेतला होता ना तुम्ही? मग हा असा कसा झाला?"

"एलईडी पांढरा नसतोच, डॉक्टर. आत जांभळा गाभा असतो. त्याच्यावर पिवळट लेप. आम्ही त्याला दीप्तिलेप म्हणतो. जांभळा उजेड लेपातून येताना थोडा पिवळा होतो, थोडा लाल, थोडा हिरवा. सगळं मिसळलं की डोळ्याला पांढरं वाटतं. जुन्या एलईडीत गाभा निळा असायचा. या नव्यांत जांभळा घेतला, कारण वीज अजून कमी लागते."

"आणि लेप?"

"उन्हानं सुकला. पापुद्रे निघाले. आता आतला नागडा जांभळा बाहेर येतोय."

"बदलून घ्या मग."

शलाका हसली, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "कंत्राटदार म्हणतो, उजेड पडतोय ना? मग दिवा खराब कसा? करारात आहे, बंद पडला तर बदलून देऊ. रंग बदलला तर काय, हे लिहिलेलंच नाही. लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं, दिव्याला रंग चढतो म्हणून."

डॉक्टरांनी शर्टाची बाही वर केली. सरकारी दवाखान्यातले कातडीचे डॉक्टर, आणि त्यांच्या स्वतःच्याच बोटांवर कोड होतं. गावातल्या पोरांना याची फार गंमत वाटायची. डॉक्टरांनाही वाटायची. पेशंट बिचकला की ते म्हणायचे, घाबरू नका, मी शाळेत मास्तर होतो, खडू लागलाय.

त्यांनी हात दिव्याखाली धरला. बोटांवरचे पांढरे डाग चुन्यासारखे पेटले. बाकीचा हात काळपट पडला.

"बघा. कातडीत रंगपेशी असतात. त्या हा जांभळा उजेड पिऊन टाकतात, म्हणून चांगली कातडी इथे काळी दिसते. जिथे रंगपेशी नाहीत तिथे उजेड आत शिरतो, खालच्या थरावर आपटतो, आणि तो थर स्वतः निळापांढरा चमकायला लागतो. प्रतिदीप्ती. आम्ही दवाखान्यात हेच करतो, असाच एक छोटा दिवा हातात धरून. तुम्ही तो गावभर टांगलात."

"पण ज्यांना कोड आहे त्यांचं ते उन्हातही दिसतंच की."

"थांबा." डॉक्टरांनी हात उलटा केला आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे मनगट बघा. उन्हात इथे काही नाही. रोज बघतो मी."

मनगटावर नखाएवढा एक ठिपका होता. फिक्कट, थंड, धुक्यातून चंद्र दिसतो तसा.

"हा नवीन आहे," ते म्हणाले. "म्हणजे अजून आलेला नाही. डोळ्याला डाग दिसायचा तर निम्म्याहून जास्त पेशी मराव्या लागतात. या दिव्याला थोड्या थकल्या तरी पुरतं."



"म्हणजे पुढे काय होणार ते हा दिवा आज दाखवतो," शलाका म्हणाली.

"पुढे काय होईल, कदाचित. पेशी थकतात, काही मरतात, काही परत उठून कामाला लागतात. कितीतरी लोकांचा डाग जन्मभर वर येत नाही. तुमच्या दिव्यानं दाखवलं नसतं तर त्यांना कळलंही नसतं. मी हे रोज ओरडून सांगतो. कोड लागत नाही, त्यानं कुणी मरत नाही, आणि हे फक्त कदाचित आहे. माझ्याकडे धडधाकट माणसं येतात, शर्ट काढतात, म्हणतात डाग बघा. मी म्हणतो नाहीये. ते म्हणतात, चौकात दिसतो. कदाचित हा शब्द या गावात कुणाला ऐकूच येत नाही." त्यांनी बाही खाली ओढली. "सगळे दिवे असेच होणार?"

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकूण एक."

"मग लवकर काहीतरी करा, होनराव मॅडम. माझं काय, माझं लग्न झालेलं आहे."

तो विनोद होता. शलाकाला हसू आलं नाही.

वळवंडीत दिवेलागणीला एक सवय होती. रस्त्यावरचे दिवे लागले की कट्ट्यावरची म्हातारी माणसं हात जोडायची, दुकानदार गल्ल्याला हात लावून कपाळाला लावायचे, पोरं बॅट थांबवून घाईघाईत नमस्कार उरकायची. दिवे जांभळे झाल्यावरही नमस्कार चालू राहिला. फक्त त्याच्यानंतर एक नवी गोष्ट सुरू झाली. हात खाली गेले की डोळे शेजारच्याकडे जायचे. मान, कान, कोपर. पटकन. कुणी पकडायच्या आत.

मग स्थळं मोडायला लागली.

मुलगी बघायला आलेली माणसं चहा प्यायची, पोहे खायची, स्वयंपाक येतो का विचारायची, आणि मग त्यांच्यातली एखादी काकू पदर सावरत म्हणायची, "चला, जरा चौकापर्यंत चक्कर मारून येऊ. मुलामुलीला मोकळं बोलता येईल." मोकळं कसलं. मुलीला खांबाखाली उभं करायचं, काहीतरी पत्ता विचारल्यासारखं करायचं, आणि सगळ्यांनी मिळून बघायचं. त्याला गावात नावच पडलं, चक्कर. आमच्या मुलीची चक्कर झाली, म्हणजे बघून झाली. चक्करीत अडकली, म्हणजे संपलं. मुलांची चक्कर कुणी करत नव्हतं, हेही सांगायला पाहिजे.

गाडीवर जाणाऱ्या बायका आधी ऊन लागू नये म्हणून दुपारी तोंडाला स्कार्फ बांधायच्या, हातात लांब मोजे घालायच्या. आता त्याच बायका दुपारी मोकळ्या फिरायच्या आणि सूर्य मावळला की स्कार्फ बांधायच्या. संध्याकाळची भाजी मंडई दुपारी भरायला लागली. वराती उन्हात निघायला लागल्या, घोडा घामानं निथळायचा आणि नवरदेवही. पाणीपुरीवाल्यानं गाडीवर पिवळा बल्ब लावला तर लोक म्हणाले, बघा, त्याच्या घरात कुणाला तरी असणार.

शलाका हे सगळं बघत होती आणि वर अर्ज करत होती. वरून उत्तर यायचं, विषय विचाराधीन आहे. तिनं एकदा साहेबांच्या टेबलावर तो जांभळा दिवा नेऊन लावला. साहेबांनी स्वतःचे हात टेबलाखाली घेतले आणि म्हणाले, "काय हे, होनराव. बंद करा आधी."

केतकी, शलाकाची धाकटी बहीण, बालवाडीत शिकवायची. वडील गेल्यापासून घरात तिघीच, आई आणि या दोघी. केतकीचं जमत आलं होतं. मुलगा हृषीकेश देशमाने, गावाच्या दुसऱ्या टोकाचा, शेतीच्या अवजारांच्या दुकानात बसायचा. दोघं तीनचारदा भेटले होते. तो फार बोलायचा नाही, पण बोलला की केतकी घरी येऊन ते परत सांगायची आणि स्वतःच हसायची. पसंती दोन्हीकडून होती. आता फक्त त्याची आत्या यायची राहिली होती. आत्या पुण्याला असायची, आणि देशमान्यांच्या घरात तिच्या होकाराशिवाय सुपारी फुटत नसे.

अशातच एका संध्याकाळी दोघी बहिणी दळण घेऊन येत होत्या. उकडत होतं म्हणून केतकीनं केस वर बांधले होते. डबा डोक्यावर होता, ती पुढे चालत होती. त्या राहायच्या त्या कासार गल्लीच्या तोंडाशी खांबाखालून ती गेली आणि शलाकाला दिसलं.

मानेच्या मागे, केस सुरू होतात तिथेच. अंगठ्याएवढं. थंड, निळंपांढरं.

"ताई, चल ना. डबा जड आहे," केतकी म्हणाली.

"येतेय."

"काय बघतेस?"

"काही नाही. खांब वाकडा बसवलाय," शलाका म्हणाली, आणि पुढे होऊन तिच्या आणि दिव्याच्या मधे चालायला लागली.

घरी आल्यावर तिला सांगायचं होतं. जेवताना सांगू, मग झोपताना सांगू, मग उद्या. केतकी आईला हृषीकेशची काहीतरी गोष्ट सांगत होती, ट्रॅक्टरचा भाग विकत घ्यायला आलेल्या माणसानं ट्रॅक्टरच आणला नव्हता, असलं काहीतरी. आई हसून हसून डोळे पुसत होती. शलाकाला वाटलं, डॉक्टरच म्हणालेत, कदाचित. मग कदाचितसाठी हे कशाला मोडायचं? मान मागे असते. तिची तिला दिसत नाही. आत्याला दिसली नाही की झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं वायरमनला बोलावलं. प्रयोगशाळेत नमुन्याला आणलेले निळ्या गाभ्याचे जुने एलईडी पडून होते, लेप शाबूत असलेले. कासार गल्लीतल्या सगळ्या खांबांवर ते चढवले. कागदावर कारण लिहिलं, तुलनात्मक चाचणी.

संध्याकाळी गल्लीत पांढरा उजेड पडला. स्वच्छ. गल्लीतली माणसं बाहेर येऊन बघत राहिली. एकमेकांच्या तोंडाला रंग आला होता. खटावकर काकू समोरच राहायच्या, त्या गॅलरीतून ओरडल्या, "शलाका, तुझं भलं होऊ दे गं. माझ्या साडीचा रंग आज कळला मला." आईला तर शेजारणींत मिरवायला विषयच मिळाला.

केतकी दारात उभी राहून दिव्याकडे बघत होती. बराच वेळ. मग ती आत गेली.

"छान आहे ना?" शलाकानं विचारलं.

"हो. छान आहे," केतकी म्हणाली.

त्यानंतर ती जरा गप्प गप्प झाली. लग्न जवळ आलं की मुली अशाच होतात, असं आई म्हणाली. अंघोळीला तासन्‌तास लावायला लागली. आई बाहेरून दार वाजवायची, "अगं, टाकी रिकामी करतेस का?" पूर्ण बाह्यांचे ड्रेस, बंद गळा, वर ओढणी. पण तेव्हा गावात निम्म्या पोरी तशाच फिरत होत्या. शलाकाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. दिवे बघायची सवय असलेली बाई, माणसं बघायची राहून गेली.

आत्या आली. उंच, चष्मेवाली, बोलणं मऊ. पोहे तिनं दोनदा मागून घेतले. केतकीला बालवाडीतल्या पोरांबद्दल विचारलं, मनापासून ऐकलं. हृषीकेश खाली मान घालून बसला होता, पण मधेच केतकीकडे बघून त्यानं भुवई उडवली आणि केतकीनं ओठ दाबून हसू आवरलं. शलाकाच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

"चला," आत्या म्हणाली. "जरा पाय मोकळे करू."

गल्लीत सगळे खाली उतरले. पांढऱ्या उजेडात केतकी सुंदर दिसत होती. आत्यानं तिच्याकडे बघितलंच नाही. ती खांबापाशी थांबली आणि मान वर करून दिव्याकडे बघत राहिली.

"इकडचे दिवे नवे वाटतं?" तिनं विचारलं.

"माझी मोठी मुलगी लायटीतच आहे ना," आई कौतुकानं म्हणाली. "तिनंच बसवलेत. आपल्या गल्लीत पहिल्यांदा."

शलाकाला वाटलं, आईच्या तोंडावर हात ठेवावा.

"हो का," आत्या म्हणाली. मऊच. "मुद्दाम बसवलेत."

"चाचणी आहे ती," शलाका म्हणाली. "तुलनात्मक."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतेय?" आत्यानं केतकीच्या गालावरून हात फिरवला. "गोड आहे हो पोरगी."

नकार दोन दिवसांनी फोनवर आला. पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणे. आधी पत्रिका जुळली होती ती त्यांच्याच भटजींनी जुळवली होती. हृषीकेशचा फोन आलाच नाही. केतकी रडली नाही. शलाका चिडून दारापर्यंत गेली, "मी जाऊन बोलते त्याच्याशी, तोंड आहे की नाही त्याला," तेव्हा केतकीनंच तिचा हात धरून आत आणलं.

"राहू दे, ताई. तो तरी काय करणार."

मग गल्ली पेटली.

आधी कोपऱ्यावरच्या घरातलं मोडलं. नंतर खटावकर काकूंच्या जुईचं. जुईच्या अंगावर तीळसुद्धा नव्हता. मुलाकडचे घरात न येता गल्लीच्या तोंडाशीच थांबले, दिव्याकडे बघितलं आणि गाडी वळवली. गावात एव्हाना पक्कं झालं होतं. ज्या गल्लीत पांढरा उजेड, त्या गल्लीत काहीतरी लपवायचं आहे. कुणाच्या घरात ते माहीत नाही, म्हणजे सगळ्यांच्याच.

खटावकर काकू जिना चढून आल्या तेव्हा त्यांच्यामागे अर्धी गल्ली होती.

"तुझ्या दिव्यांना आग लाव," काकू म्हणाल्या. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस."

"काकू, तुम्हीच म्हणालात साडीचा रंग..."

"साडी घाल चुलीत. मला जांभळे दिवे परत पाहिजेत. उद्याच्या उद्या. माझी जुई त्याच्याखाली उभी राहील, सगळ्या गावानं येऊन बघावं. आमच्यात काही नाही. ज्याच्यात असेल त्यानं लपावं."

"जांभळा दिवा खराब आहे, काकू. खराब दिवा मागताय तुम्ही."

"खराब असू दे. खरा आहे तो."

 खरा होताच तो. तिनंच मोजला होता.

साहेबांचाही फोन आला. ज्या कागदावर तिनं चाचणी लिहिलं होतं, तोच साहेबांनी वाचून दाखवला आणि म्हणाले, चाचणी संपली असं समजा.

वायरमननं दिवे उतरवले, जांभळे चढवले. दिवेलागणीला सगळी गल्ली खाली जमली. एखादा सण असावा तशी. आया आपापल्या पोरींना हाताला धरून खांबाखाली आणत होत्या, वेण्या वर धरत होत्या, बाह्या कोपरापर्यंत चढवत होत्या. जुईनं डोळे मिटून घेतले होते. काकू तिला गोल फिरवत होत्या आणि ओरडत होत्या, "बघा. बघा नीट." पोरींची कातडी त्या उजेडात काळीभोर दिसत होती, आणि आया आनंदानं रडत होत्या.

"केतकी कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"बोलावते की," आई म्हणाली. आईला काहीच माहीत नव्हतं. "केतू, ये गं खाली. आपलंही होऊन जाऊ दे."

खिडकी बंद होती. शलाका धावतच जिना चढली.

केतकी कॉटवर बसली होती. स्कार्फ मांडीवर. ट्यूबलाइटच्या साध्या उजेडात शलाकानं तिची मान बघितली आणि जिथे होती तिथेच थांबली.

गळ्यावर पांढरे पट्टे होते. कानांमागून खाली आलेले, खांद्यांत शिरलेले. बाह्या वर केलेल्या हातांवर कोपरापर्यंत लांब लांब रेघा, कुणी खडूनं ओढल्यासारख्या. ते बघायला कुठलाही दिवा लागत नव्हता.

"मी येत नाही खाली," केतकी म्हणाली. "आईला काहीतरी सांग."

सकाळी दवाखान्यात डॉक्टर मुजावरांनी तिचे हात खिडकीपाशी नेऊन बघितले. आज त्यांनी खडूचा विनोद केला नाही.

"कशानं घासलंस?"

"वज्रीनं," केतकी म्हणाली. "टाचा घासायची असते ती."

"रोज?"

"दोनदा. कधी तीनदा."

"का, बेटा?"

केतकीनं शलाकाकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी बोलली.

"ताईनं गल्लीतले दिवे बदलले. सगळ्या गावात जांभळे आणि आमच्याच गल्लीत पांढरे. मग आमच्या घरात कुणाला तरी दिसलं असणार. आईचं असतं तर ताईनं आईला सरळ इथे आणलं असतं. तिचं स्वतःचं असतं तर गावभर भांडली असती. राहिले मी."

शलाकाला आठवलं, पहिल्या संध्याकाळी ही दारात उभी राहून दिव्याकडे बघत होती. आत्याच्या आधी. गावाच्या आधी.

"मला विचारायचंस," ती म्हणाली.

"तू सांगायचंस."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघ. तुझ्या रंगपेशी नाजूक आहेत, एवढंच त्या दिव्यानं दाखवलं असणार. नाजूक पेशींना त्यांच्या नादाला सोडलं तर त्या जगतात. मार लागला की मरतात. ज्यांना कोडाची प्रवृत्ती असते त्यांना खरचटलं, भाजलं, घासलं की नेमका तिथेच डाग उठतो. बघ ना, रेघा कशा आहेत. तुझा हात जिथे जिथे फिरला तिथे तिथे."

"जाईल?"

"औषध देतो. काही भरतील. सगळे भरतील असं सांगणार नाही."

केतकीनं मान हलवली. मग हळूच विचारलं, "कुठे होता गं, ताई?"

"काय?"

"डाग. तुला दिसला तो. मला माहीत नव्हतं ना कुठे आहे. आरशात काही दिसायचं नाही. आपल्या गल्लीत जांभळा दिवा नव्हता. दुसऱ्या चौकात जाऊन लोकांसमोर मान उघडी करू? म्हणून मग मी सगळीकडेच घासलं." तिनं हात उलटेपालटे करून बघितले. "जागा सांगितली असतीस तर तेवढीच घासली असती."

 शलाकानं उठून केतकीची वेणी बाजूला केली आणि मानेमागे, केस सुरू होतात तिथे, बोट ठेवलं. केसांच्या आड, वज्री पोचली नव्हती ती एवढीच जागा. तिथली कातडी सावळी होती, गुळगुळीत, लहानपणी तेल लावताना असायची तशी.

डॉक्टरांनी खिडकी लावली. ड्रॉवरमधून आपला छोटा दिवा काढला आणि त्या जागेवर धरला. एकदा जवळून, एकदा लांबून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत धरला.

"होता इथे?" त्यांनी विचारलं.

"होता. अंगठ्याएवढा. मी बघितलाय."

"असेल. खोटं नाही म्हणत मी." त्यांनी दिवा बंद केला. "आता नाहीये. या पेशी उठल्यात परत."

 अंधारातच केतकी वळली, बहिणीचा हात मानेवरून काढून स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, "रडू नकोस ना, ताई. खिडकी उघड. आईला काय सांगायचं ते ठरवू."